आज कढई कोणाकडे होती?

"सर, माझं चाखलंच नाही तुम्ही."

पुण्यापासून दोनेक तासांवर तालुक्याचं गाव, तिथल्या एका आयटीआयमध्ये फूड प्रॉडक्शन ट्रेडची प्रॅक्टिकल परीक्षा चालू होती. मी लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात बसले होते, कारण आमची टीम या ट्रेडच्या मुलांसाठी शिकायचं आणि परीक्षेचं ॲप बनवत होती आणि मार्क नक्की कसे पडतात ते मला डोळ्यांनी बघायचं होतं. एक्झॉस्ट फॅन नुसता आवाज करत होता, खोलीभर फोडणीचा ठसका, आणि स्टीलच्या लांब टेबलावर ओळीनं प्लेटा मांडलेल्या, प्रत्येकीखाली रोल नंबरची चिठ्ठी. बाहेरून आलेले परीक्षक चमचा घेऊन एका टोकापासून निघाले. पहिल्या पाचसहा प्लेटांना त्यांनी नीट वेळ दिला, रस्सा चाखला, चिकनचा तुकडा मोडून बघितला, भात बोटांनी दाबून बघितला. मग मधेच खोकला आला, पाणी प्यायले. त्यानंतर चमचा नुसता ओठाला लागायला लागला, आणि ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत चमचा खालीच होता, ते फक्त बघत होते आणि लिहीत होते. शेवटून दुसरी प्लेट जिची होती ती मुलगी हळूच पण स्पष्ट बोलली. ते म्हणाले, "अगं दिसतंय की, छान झालंय," आणि खरंच चांगले मार्क दिले, बाकीच्यांना दिले तेवढेच. मार्कांबद्दल तिची तक्रार नव्हतीच. सगळं आवरताना ती माझ्याकडं आली, लॅपटॉपकडं बघत म्हणाली, "मॅडम, तुमच्या ॲपमध्ये चाखतात का?"

मी हसले. तिथं हसण्यासारखं काय होतं कोण जाणे, पण हसले. परत येताना घाटात गाडी लागल्यासारखं होत राहिलं आणि तो प्रश्न डोक्यातून जाईना.

त्या परीक्षकांना नावं ठेवायची माझी अजिबात इच्छा नाहीये हां. एका बॅचला २४ मुलं. प्रत्येकाचं एक करी, एक भात, एक गोड असं धरलं तरी किती चमचे होतात बघा. आणि करी म्हणजे आपल्याकडची, तिखट. तिखट जिभेवर साठत जातं, दहाव्या प्लेटीला मीठ कमी आहे की जीभ बधिर झालीय हे सांगणं कुणालाही अवघड. मसाल्याच्या किंवा चहाच्या कंपन्यांमध्ये चव बघायला जी पॅनल बसवतात ना, त्यांच्यापुढं एका वेळी मोजकेच नमुने ठेवतात, मधे साधं पाणी, पावाचा तुकडा, थोडी विश्रांती, आणि नमुन्यांचा क्रम प्रत्येकाला वेगळा, म्हणजे शेवटचा कायम शेवटचा राहू नये. इथं हा माणूस पहाटे निघून एसटीनं आलेला, संध्याकाळी मार्कांची शीट भरून द्यायची, उद्या दुसरं सेंटर. त्याच्या जागी मी असते तर पाचव्या प्लेटीलाच जेलुसिल मागितलं असतं.

पण मुलीचा प्रश्न खरा होता. माणसाची जीभ दमते म्हणून आम्ही जे आणत होतो त्याला जीभच नव्हती.

आमच्याकडं तोवर काय होतं ते सांगते. प्रश्नपेढी होती, दणदणीत. थिअरीचा पेपर आता कॉम्प्युटरवर होतो, चार पर्याय, एक बरोबर, त्यामुळं सगळ्यांना आधी सराव परीक्षाच हवी असते आणि ती बनवायलाही सोपी. मदर सॉस, म्हणजे ज्यांच्यापासून बाकीचे सॉस बनतात ते, किती, सॉस घट्ट करायचा रू म्हणजे मैदा आणि बटर कुठल्या प्रमाणात, ज्युलियन म्हणजे काड्यांसारख्या कापलेल्या भाजीची जाडी किती. मुलं ते पाठ करतात आणि पटापट टिक करतात. एक मुलगा होता, त्याला सगळे कट तोंडपाठ, ज्युलियन म्हणजे तीन मिलिमीटर जाड आणि पाचसहा सेंटिमीटर लांब, ब्रुनॉज म्हणजे तीन मिलिमीटरचे चौकोनी तुकडे, झोपेतून उठवून विचारा. त्याच्या बोर्डावर गाजर बघितलं तर बंबात घालायच्या ढलप्या. जॉर्ज मिलर म्हणून एक वैद्यकीय शिक्षणातले गृहस्थ होते, त्यांनी १९९० साली डॉक्टरांच्या परीक्षांसाठी एक पिरॅमिड मांडला, तो या क्षेत्रात सगळेच दाखवतात. सगळ्यात खाली 'माहिती आहे', त्यावर 'कसं करायचं ते माहिती आहे', मग 'करून दाखवतो', आणि टोकावर 'रोजच्या कामात करतो'. मोबाईलवरच्या टूलांची गंमत अशी की खालच्या दोन पायऱ्यांवर ती इतकी स्वस्त आणि इतकी चकचकीत बनतात की वरच्या दोन चढायची कुणाला गरजच वाटत नाही. डॅशबोर्डवर हिरवे बार दिसले की प्राचार्य खूश, पैसे देणारे खूश, आणि गाजर तसंच.

आता कुणी म्हणेल की प्रॅक्टिकलला वेगळं वजन आहेच की. आहे ना. थिअरीत ३३ टक्क्यांना पास, प्रॅक्टिकलला मात्र ६० लागतात, म्हणजे हातानं काम करता येणं महत्त्वाचं आहे हे सरकारनंही मानलंय. वर्षभराच्या मार्कांसाठी गाईडलाईनही आहे, ६० ते ७५, ७५ ते ९०, आणि ९० च्या वर असे तीन गट, कुठल्या गटात कौशल्य किती, अचूकपणा किती, नीटनेटकेपणा किती, मदत किती लागली, सगळं लिहिलेलं. फक्त ती भाषा सगळ्या ट्रेडना एकच, फिटरलाही तीच आणि कुकलाही तीच. फिटरचं बरंय, त्याच्याकडं जाडी मोजायला व्हर्निअर कॅलिपर आहे, लोखंड सकाळी जेवढं होतं तेवढंच संध्याकाळी असतं. वरण ठेवून द्या तासभर, घट्ट झालेलं असतं, मीठ वेगळं लागतं. त्याचा अचूकपणा कुठल्या वेळचा धरायचा?

मोजता येतं ते आम्ही मोजायला लागलो, आणि त्यात मजा आली हे कबूल करायला हवं. चौकटीच्या वहीचा कागद लॅमिनेट करून घेतला, कापलेली भाजी त्यावर पसरायची, वरून फोटो. शेजारी आदर्श कटचा फोटो दिसतो आणि आधी मुलानं स्वतःच सांगायचं, किती तुकडे मापात आहेत. आधी स्वतः सांगायचं हा आग्रह इन्स्ट्रक्टर सरांचा. त्यांचं म्हणणं, ज्याला स्वतःची चूक दिसते त्याला मी उद्या शिकवू शकतो, ज्याला दिसत नाही त्याला आधी चष्मा लावायला लागतो. मग टेम्परेचर. चिकनच्या जाड भागात प्रोब, म्हणजे थर्मामीटरची टोकदार सळई, घातला की आत ७५ डिग्री आलं पाहिजे, आणि शिजलेलं अन्न ५ ते ६० च्या मधे रेंगाळलं नाही पाहिजे, हे प्रत्येकाला पाठ असतं, पण प्रोब हाडाला टेकला की आकडा खोटा येतो हे एकदा स्वतःच्या हातानं बघितल्याशिवाय डोक्यात बसत नाही. तर प्रोब कुठं घातलाय त्याचा फोटो, आकड्याचा फोटो, वेळ. इथवर टूल एकदम कामाचं.

फक्त मोबाईल आणि किचन यांचं मुळात जमत नाही. ऑफिसात बसून स्क्रीन डिझाईन करणाऱ्या पोरांना हे सांगून पटत नव्हतं म्हणून त्यांना एकदा घेऊनच गेले. हाताला कणीक, हळद, तेल, टच लागत नाही. कॅमेऱ्यावर वाफ. दोन बोटांनी झूम करा म्हणे, अहो त्या बोटांत कोळंबी आहे. शिवाय किचनमध्ये मोबाईल नकोच असा सरांचा नियम, आणि बरोबरच आहे तो, जो फोन सकाळी एसटीच्या सीटवर आणि कुठं कुठं ठेवला तोच कोथिंबिरीच्या शेजारी. शेवटी सगळ्या बॅचला एकच फोन, झिपलॉकच्या पिशवीत घालून, भिंतीवरच्या स्टँडवर, आणि बटणं एवढी मोठी की कोपरानं दाबली तरी चालतील. नेटवर्क फक्त गेटजवळच्या लिंबाखाली. त्यामुळं सगळं आधी फोनमध्येच साठवायचं आणि सुट्टी झाली की कुणीतरी एकजण फोन घेऊन लिंबाखाली जाऊन उभा राहतो, पाचदहा मिनिटात सगळं वर जातं. या कामासाठी भांडणं होतात कारण तेवढा वेळ उन्हातून सुटका.

हे सगळं चालू असताना मला सारखी मावशीची आठवण यायची. सख्खी मावशी नाही, आमच्या वाड्यातल्या, पण आम्ही सगळे मावशीच म्हणायचो. त्यांचं पोळीभाजी केंद्र होतं, रोजचे शेकड्यांनी डबे. नवीन बाई कामाला आली की मावशी तिला काही विचारायच्या नाहीत, कुठं काम केलंस, किती वर्षं, काही नाही. एक किलो कणीक मोजून द्यायच्या आणि म्हणायच्या, चाळीस कर. पहिली परीक्षा तिथंच, कारण चाळीस बसवायच्या तर गोळा डोळ्यांनी सारखा तोडता आला पाहिजे, शेवटी छत्तीसच झाल्या किंवा पंचेचाळीस झाल्या तरी मावशींना कळायचं काय ते. पोळी फुगली का, डाग पडले का, याच्याकडं त्या बघायच्याही नाहीत. त्यातल्या चार पोळ्या फडक्यात गुंडाळून डब्यात घालून फळीवर ठेवायच्या आणि बाईला सांगायच्या, संध्याकाळी ये. संध्याकाळी डबा उघडायचा, पोळी एका हातानं मोडायची. वातड झाली असेल तर कणीक घट्ट भिजवली होती, नाहीतर मुरू दिली नव्हती, नाहीतर तव्यावर जास्त वेळ ठेवली होती, आणि कुठलं ते त्या मोडल्याच्या आवाजावरून सांगायच्या. गिऱ्हाईक पोळी दुपारी दीडला खातं, माझ्यापुढं अकराला ती कशी दिसते त्याचं मी काय करू, असं त्यांचं साधं गणित. परीक्षा आणि निकाल यांच्यामधे सहा तास ठेवणारी दुसरी पद्धत मी आजवर कुठल्या फ्रेमवर्कमध्ये वाचलेली नाही.

ते मी आमच्या मीटिंगमध्ये सांगितलं आणि त्यातून एक गोष्ट ॲपमध्ये आली, चार तासांनंतर फोन आठवण करून देतो की सकाळचा पदार्थ आत्ता कसा आहे ते बघा, फोटो काढा, बोला. पुरीसाठी, पोळीसाठी, केकसाठी, ग्रेव्हीला पाणी सुटतंय का त्यासाठी. मुलांना आधी वैताग आला. मग आपल्या पुऱ्या दुपारी कागदासारख्या का होतात यावर त्यांच्यातच वाद व्हायला लागले, आणि तो वाद ऐकायला सर मुद्दाम दारात उभे राहायला लागले.

व्हिडिओंचं एक वेगळंच. आम्ही पहिल्यांदा शूट करायला गेलो तेव्हा कॅमेरावाल्याला रेसिपीच्या व्हिडिओंची सवय, सामान मांडलेलं, शेफचा हसरा चेहरा, कढईत कांदा पडला, पुढच्या सेकंदाला कांदा ब्राऊन, वर कोथिंबीर. सर शेजारी उभे होते. म्हणाले, "मधलं कुठं गेलं?" तो म्हणाला, "सर, मधलं बोअर होतं, वीस मिनिटं नुसता कांदाच परततोय." सर म्हणाले, "मी पगार त्या वीस मिनिटांचाच घेतो." मग आम्ही कांद्याचा पूर्ण व्हिडिओ केला, न कापता, माईक कढईजवळ. आधी पाणी सुटतानाचा ओला आवाज, मग तो कमी होत जातो, मग तेलाचा बारीक चुरचुर आवाज येतो आणि तिथून पुढं लक्ष ठेवायचं, कारण पाणी असेपर्यंत कढईतलं तापमान शंभराच्या आसपासच अडकून बसतं आणि पाणी गेलं की ते भराभर चढतं, रंग धरायला लागतो आणि दोन मिनिटांत जळतोही. व्हिडिओ मधे थांबतो आणि विचारतो, आता काय कराल, गॅस कमी, पाणी शिंपडा, की आलंलसूण घाला. एचफाइव्हपी म्हणून फुकटचं टूल आहे, त्यात असे थांबे घालता येतात. काही मुलं नंतर स्क्रीनकडं न बघता नुसता आवाज ऐकून उत्तरं द्यायला लागली, आणि ती खऱ्या कढईपाशी उभी राहिली की मान वळवून बोलत असतानाही बरोब्बर वेळेला उलथणं हलवायची.

पाकाचा व्हिडिओ मात्र हरला. साखरेच्या गोळीबंद पाकाला थर्मामीटर ११२ ते ११६ दाखवतो, तो आकडा ॲपमध्ये टाकणं सोपं, फोटो सोपा. पण रव्याच्या लाडवाचा पाक सर जसा बघतात तसा, थेंब अंगठ्यावर घ्यायचा, तर्जनी टेकवायची, हळूच लांब करायची, तार निघते, तुटते, किती लांबीवर तुटते आणि तुटताना दोन्ही टोकं कशी आखडतात, ते क्लोजअपमध्ये घेऊनही स्क्रीनवर कळेना. थेंब किती गरम आहे, बोटाला चिकटपणा किती, ते कॅमेऱ्याला कुठून दिसणार. शेवटी तिथं आम्ही एकच ओळ ठेवली, 'हे सरांसमोर करा', आणि सरांनी करून घेतलं की टिक. आमच्या डिझाईनवाल्या मुलीला ती स्क्रीन फार रिकामी वाटते. मला ती सगळ्यात प्रामाणिक स्क्रीन वाटते.

आणि कॅमेऱ्याचं अजून एक, जे बोलताना मला अजून नीट बोलता येत नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये प्रॅक्टिकल बंद पडली तेव्हा सगळीकडंच मुलांना सांगितलं गेलं, घरी करा आणि व्हिडिओ पाठवा. तेव्हाचे काही व्हिडिओ सरांनी मला दाखवले. बेशामेल, म्हणजे बटर, मैदा आणि दुधाचा पांढरा सॉस, चुलीवर केलेला, पितळेच्या पातेल्यात, धुरानं पोराचे डोळे लाल. एकाच्या व्हिडिओत मागून आईचा हात येतो आणि पातेलं सरळ करून जातो. बटर नाही म्हणून एकानं घरचं लोणी घेतलं आणि तोंड वाईट करून सांगतो, सर वास वेगळा येतोय पण घट्ट झालंय. गंमत वाटते बघताना, कौतुक वाटतं. मग एका मुलीचा व्हिडिओ, सगळाच्या सगळा नुसत्या पातेल्याच्या आतला. कॅमेरा एकदाही वर होत नाही, भिंत दिसत नाही, जमीन दिसत नाही, तिचा हातसुद्धा मनगटापर्यंतच. ग्रुपवर सगळी बॅच बघणार होती ना. सर म्हणाले, "हिनं फ्रेमिंग चांगलं केलंय," आणि मग आम्ही दोघंही गप्प. घरून व्हिडिओ पाठवायची सक्ती आमच्या ॲपमध्ये नाही. फीचर म्हणून विचारतात लोक, बाकीच्यांकडं आहे म्हणतात. असू दे.

दिसण्यावरून मार्क द्यायचे तर त्याचीही एक जुनी आणि चांगली युक्ती आहे. लुई थर्स्टन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९२७ मध्ये मांडलं होतं की माणसाला एका गोष्टीला दहापैकी किती हे सांगणं जमत नाही, पण दोन शेजारी ठेवून कुठली सरस हे तो बऱ्यापैकी सांगतो, आणि अशा पुष्कळ जोड्या केल्या की सगळ्यांचा क्रम आपोआप लागतो. आम्ही प्लेटांच्या फोटोंवर हे करून बघितलं. वेगवेगळ्या आयटीआयचे इन्स्ट्रक्टर घरी बसून मोबाईलवर जोड्या बघतात, डावी की उजवी, आणि दहापैकी मार्क देताना जे एकमेकांशी भांडायचे त्यांचं इथं बरंच जुळलं. मी खूश होते. थोड्याच दिवसांत टोमॅटोची गुलाबाची फुलं यायला लागली. मग काकडीचे पंखे, मग रश्श्यावर क्रीमची नक्षी, मग भाताची वाटी उपडी करून वर उभी मिरची. फोटोवर निकाल आहे म्हटल्यावर मुलं फोटोसाठी स्वयंपाक करणार, त्यांचा काय दोष. भात आतून कच्चा होता हे फोटोला कळत नव्हतं. आता जोड्या फक्त कट आणि प्लेटिंगच्या धड्यापुरत्या आहेत.

खरं काम केलं ते एका फालतू दिसणाऱ्या गोष्टीनं.

सामानाचा खर्च मोजका असतो त्यामुळं प्रॅक्टिकल गटात होतं, पाच जणांत एक कोंबडी, एक शेगडी, एक कढई. जर्नल मात्र पाचही जणांचं सारखं, 'आज आम्ही चिकन करी केली'. मार्कही साधारण सारखे. मी मागच्या बाकावरून बघत असायचे तर कुणाच्या हातात काय आहे हे मला दिसायचं, पण कुठल्याच कागदावर ते नव्हतं. तर आम्ही ॲपमध्ये दिवसाच्या शेवटी एक प्रश्न टाकला, आज कढई कोणाकडे होती? सुरी कोणाकडे? भांडी कोणी घासली? पाच चित्रं, पाच नावं, जोडायची, संपलं. दोघांनी मिळून भरायचं, म्हणजे एकट्यानं थापा मारायला नकोत. दोनेक महिन्यांनी त्याचा तक्ता काढून सरांपुढं ठेवला. प्रत्येक गटात कढई बहुतेक दिवस त्याच एकदोन मुलांकडं. मुली कांदा चिरतायत, वाटण करतायत आणि सुंदर अक्षरात सगळ्यांची जर्नलं लिहितायत. एक जण असा की त्यानं त्या सगळ्या दिवसांत एकदाही गॅससमोर उभं राहून काही केलं नव्हतं, नुसती भांडी, आणि तो सराव परीक्षेत वर्गात दुसरा होता. सरांनी तक्ता बराच वेळ बघितला, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी फळ्यावर पाळ्या लिहिलेल्या होत्या.

पैसे देणाऱ्यांना डेमो दिला तेव्हा हा तक्ता मी सगळ्यात आधी दाखवला. ते म्हणाले छान आहे, पण यात एआय कुठंय? त्यांना प्लेटीचा फोटो टाकला की मार्क सांगणारं काहीतरी हवं होतं, शंभरपैकी ७८ असं. बनवता येईल, अवघडही नाही फार. टोमॅटोच्या फुलाला ते चांगले मार्क देईल याबद्दल मला शंका नाही.

चाखण्याचं काय केलं, असं तुम्ही विचाराल. सरावाच्या परीक्षेत आता प्लेटांचा क्रम ॲप ठरवतं, दर वेळी वेगळा, सहा प्लेटा झाल्या की थांबायचं, पाणी आणि दोन घास साधा भात. परीक्षकानं 'चाखलं' वर बोट ठेवल्याशिवाय मार्कांचा रकाना उघडत नाही. अर्थात बटण दाबायला जीभ लागत नाही, ते सगळ्यांना माहिती आहे. म्हणून अजून एक, प्रत्येक मुलानं दुसऱ्यांच्या तीन प्लेटा चाखायच्या, नावं झाकलेली, फक्त नंबर, स्वच्छ चमचा, आणि अर्धा मिनिट बोलायचं. लिहायचं नाही, बोलायचं, कारण लिहायला सांगितलं की सगळे 'चव उत्तम' लिहितात. बोलताना मात्र ऐका एकेकाचं. "तिखट आहे पण मागून येतंय." "मसाला कच्चा लागतोय, धने नीट भाजले नाहीत बहुतेक." "हे माझ्या काकूच्यासारखं झालंय, काकूचं मला आवडत नाही." एकजण नुसता "हं" म्हणतो, मग खूप वेळ चमच्याचा आवाज, मग परत "हं". यांना मार्क नाहीत. सर एसटीत बसून कानात हेडफोन घालून ऐकतात, आणि कुणाची जीभ तयार होतेय ते त्यांना त्यावरून कळतं म्हणतात. मला पटतं. त्या मुलीला हे सांगायचं राहूनच गेलं, ती तोवर पास होऊन गेली होती, कुठल्याशा हॉटेलात लागली असं कळलं.

हॉटेलांचं तर अजूनच निराळं. पास झालेली मुलं भेटायला येतात ती सांगतात, मार्कशीट कुणी उघडून बघत नाही. ट्रायलला बोलावतात, गोणीभर कांदा पुढं ठेवतात नाहीतर ऑम्लेट करायला लावतात, आणि शेफ लांबून बघतो, बोर्ड पुसला का, सुरी कुठं ठेवली, रागावल्यावर तोंड कसं केलं. एका मुलानं त्याला सांगितलं की माझा ॲपमधला स्कोअर चांगला होता. शेफ म्हणाला, बरं झालं, आता लसूण सोल.

सध्या माझं आणि सरांचं भांडण चालू आहे ते एकूण बेरजेवरून. मला ॲपमधून एकूण मार्कांचा आकडा काढून टाकायचाय, नुसत्या नोंदी राहू देत, किती वेळा कढई, किती वेळा प्रोब नीट, दुपारच्या पुऱ्या कशा, चाखल्यावर काय बोलला. सरांना आकडा हवाय. ते म्हणतात तुम्हाला काय जातंय बोलायला, वर शीट मी भरतो, वरचा माणूस विचारतो किती, त्याला मी हेडफोन देऊ का? शिवाय पोरांच्या घरी आईबाप विचारतात, किती पडले, तिथंही आकडाच लागतो. त्यांचंही खोटं नाहीये. मंगळवारी मीटिंग आहे, आणि येताना चमच्यांची कोटेशनं घेऊन या म्हणालेत, प्रत्येकी तीन प्लेटा चाखायच्या तर आहेत ते चमचे पुरत नाहीत.